वाघळाचा दम

‘भाता माझा काळा बाई, पोटी वाऱ्याची ओंजळ...’

आईचा आवाज साळेतून पार रस्त्यापर्यंत आला होता. आमची साळ म्हणजे घरापुढची पत्र्याची पडवी. तिथं तात्यांची ऐरण, त्यांची भट्टी, आणि भट्टीच्या मागं आईचा कातडी भाता. दोरी खाली आली की आईचा आवाज खाली यायचा, दोरी वर गेली की वर जायचा. कोल्हापूरहून दोन एसट्या बदलून, फाट्यापासून उन्हात चालत मी आले होते. दारात पोचूनही खांद्यावरची पिशवी उतरवली नाही. मला पुढची ओळ ऐकायची होती. ‘लोखंडाच्या डोळ्यामंदी लाल आसवांचं जळ.’ ती कानावर पडल्याशिवाय मला घरी आल्यासारखं वाटायचं नाही.

ओळ आली नाही. नुसता भाता फुसफुसत राहिला.

“आये, अर्ध्यात का सोडलीस?”

“आलीस व्हय!” आई दोरी न सोडता हसली. “इसरले बाई. म्हातारपण.”

“म्हातारपण कुठलं आलंय? चाळिशीची तर आहेस.”

“वारं!” तात्या ओरडले. भट्टीतला फाळ तांबडा होता तो काळवंडत चालला होता. “वारं पडलं की गं. वच्छी कुठं पळून जात न्हाई.”

“कोळसा वला हाय,” आई म्हणाली आणि दोन्ही हातांनी दोरीवर वाकली.

आता आई नाही, तात्या नाहीत, साळेच्या जागी भावकीनं मोटारसायकलींचं गॅरेज काढलंय. पण पेरणीच्या आधीचे ते उन्हाळी दिवस कुठल्याही गावात सारखेच असतात, आणि कुठंही घण वाजला की मी थांबते. पाऊस तोंडावर आलेला, सगळ्या गावाचे फाळ, कुऱ्हाडी, विळे आमच्या दारात पडलेले. तात्या घण मारून दमलेले, आई भाता ओढून दमलेली, मी अभ्यासानं दमलेली. घरात तिघं माणसं आणि तिघांच्या डोळ्यांखाली काजळी.

तात्यांचा खोकला सगळ्या आळीला ठाऊक होता. पहाटे आधी कोंबडा आरवणार की आधी तात्या खोकणार, यावर लोक पैज लावत. आईच्या बोलण्यात सदा तोच. “त्येंच्या छातीचं बघ काही तरी, वच्छे. शिकलीस एवढी.” मी म्हणायची, “मी माणसांची डॉक्टर नाही गं, आये.”

मी प्राणिशास्त्रात एम.एस्सी. करत होते, आणि आमच्या सरांनी मला विषय दिला होता वटवाघळांच्या श्वासाचा. गावात ही गोष्ट कळली तेव्हा शिरपामामानं, आईच्या धाकट्या भावानं, पारावर सगळ्यांना ऐकू जाईल असं विचारलं होतं, “माणसांचं दम मोजून झालं व्हय गं सगळ्यांचं? आता वाघळांचं घेतलंस मोजायला?” तेव्हापासून मी वाघळाची मास्तरीण.

त्या दिवशी पाय धुवायला घरामागच्या परड्यात गेले तर डालगं उपडं घातलेलं दिसलं. कोंबड्या झाकायचं बांबूचं डालगं, वर दगड. आमच्यात कोंबडी नव्हती. तात्यांनी माळ घातल्यापासून घरात अंडंसुद्धा शिवलं नव्हतं. तुळशीची माळ गळ्यात आली तशी विडी सुटली, मटण सुटलं. आईनं माळ घातली नव्हती, पण त्यांच्या पाठोपाठ तिनंही सोडलं होतं. एका चुलीवर दोन धर्म कशाला, म्हणायची.

मी वाकून फटीतून बघितलं. आत काळोखात काहीतरी चामड्यासारखं हललं. मग दोन डोळे दिसले, तपकिरी, ओले, कुत्र्याच्या पिलाचे असावेत तसे.

“आये! हे वाघूळ कुणी आणलं?”

आई साळेतून परड्यात आली. मधल्या तीन पायऱ्या चढून यायच्या, ती पहिल्या पायरीवर थांबली, पदरानं मान पुसली, मग दुसरीवर. “हळू बोल. शिरपानं आणलंय. वड्याकाठच्या वडावरनं.”

“कशाला?”

“अवशिदाला.”

मला कळायला वेळ लागला नाही. आमच्याकडे हे सगळ्यांना माहीत असतं. दम्याला वटवाघळाचं मांस. मिरी घालून रस्सा करायचा आणि पहाटे अनशापोटी घ्यायचा. येवढंसं जनावर, रात्रभर कोसच्या कोस उडतं आणि दमत नाही, मग त्याच्या मांसात दम असणारच. गावचं गणित सरळ असतं.

“तात्यांना घालणार तू?”

आईनं माझ्याकडं बघितलं. काहीतरी बोलणार होती, मग वाकून डालग्यावरचा दगड उगीच नीट केला.

“त्यांच्या गळ्यात माळ आहे, आये.”

“ठाव हाय मला.”

“मग? आमटीत मिसळून देणार? त्यांना न सांगता?”

“वच्छे, तू आत्ता आलीस. पाणी पी. भाकरी खा.”

“आधी बोल.”

“काय बोलू?” ती जांभळीच्या सावलीला भिंतीशी टेकून बसली आणि डोळे मिटले. “दमले बाई मी.”

मी रागानं डालगं उचललं. टॉवेल टाकून जनावर गुंडाळून घेतलं, तोंड तेवढं बाहेर ठेवलं. चावायचं बळ त्याच्यात नव्हतं. उजव्या पंखाला गलोलीचा दगड लागलेला, पण हाड शाबूत होतं. उन्हानं ते धापा टाकत होतं. मी पदराचं टोक भिजवून त्याच्या तोंडाशी धरलं. बारीक जीभ बाहेर आली. ते पाणी चाटू लागलं, आणि माझ्या हाताखाली त्याची छाती शिवणयंत्रासारखी चालली होती.

आईनं डोळे उघडले. ती त्याच्या हलणाऱ्या छातीकडं बघत होती.

“कसा गं घेतं त्ये दम?” तिनं विचारलं.

“कोण?”

“त्येच. एवढं उडतं. पडत कसं न्हाई?”

मी तेव्हा या एकाच विषयावर रात्रंदिवस बसलेली. विचारणारा भेटला की राग विसरायची. मी तिच्याजवळ सरकले, टॉवेलची एक बाजू उघडली आणि पंख हलकेच पसरला. उन्हात तो तांबूस दिसला, आत रक्ताच्या शिरा, पिंपळाच्या वाळल्या पानात असतात तशा.

“हे बघ. त्याच्या अंगाच्या मानानं फुप्फुसं मोठी असतात. काळीज पण मोठं. आणि आत वारा आणि रक्त यांच्यामधी एक पडदा असतो. आपल्याला पण असतो. पण त्याचा इतका पातळ, इतका पातळ, की वाऱ्यातलं चांगलं ते रक्तात लगेच उतरतं.”

“कांद्याच्या पापुद्र्यावानी?”

“त्याच्याहून कितीतरी पातळ.”

“आन् पाखराचं?”

“पाखराचं निराळं. पाखराच्या अंगात वाऱ्याच्या पिशव्या असतात. वारा एकीकडून शिरतो आणि एकाच दिशेनं फुप्फुसातून वाहत राहतो. खंड पडत नाही.”

“म्हंजी जोडभाता,” आई म्हणाली. “तुझ्या आज्ज्याचा हुता. एक पिशवी भरती तवर दुसरी वारं सोडती. जाळ हलायचा न्हाई.”

“तसाच. पण वाघूळ पाखरू नाही ना. ते आपल्यासारखं, पिलाला दूध पाजणारं. त्याचा आपल्यासारखाच एकेरी भाता. ज्या वाटेनं आत, त्याच वाटेनं बाहेर. तरी ते उडतं.”

“एकेरी भात्यावर?” आई सरळ बसली. “कसं?”

“पंखाला भाता बांधलाय त्यानं. पंख एकदा वरखाली झाला की एक श्वास आत-बाहेर. उडायला जे अंग हलतं तेच अंग वारा भरतं. श्वासासाठी वेगळं काम नाही. आणि थोडासा वाईट वारा या कातडीतून पण बाहेर जातो, पंखाच्या.”

आईनं बोट पुढं केलं. आधी भीत भीत, मग पंखाच्या कातडीवर ठेवलं. तिचं बोट दोरीनं घट्टे पडून काळं झालेलं, आणि खाली ते तलम कातडं.

“मऊ हाय गं,” ती म्हणाली. मग थोड्या वेळानं, “आन् जवा उडत न्हाई, नुसतं टांगलेलं आसतं, तवा?”

“तेव्हा हळू. गार मुलखातली काही बारकी वाघळं तर हिवाळ्यात झोपली की कितीतरी वेळ श्वासच घेत नाहीत. मेलं म्हणून हात लावावा तर जितं असतं.”

“मग त्येला भ्या वाटत न्हाई? वारं आलं न्हाई तर?”

“त्याला तेवढा लागतच नाही तेव्हा.”

“बरं हाय,” आई म्हणाली. “नशीबवान हाय.”

मी पंख मिटला. मग तिचा हात धरून सांगितलं, शाळेत पोरांना सांगतात तसं, एकेक शब्द तोडून. “पण आये, हा सगळा त्याच्या हाडामांसाचा कारखाना आहे. तो कापून खाल्ला की नुसतं मांस राहतं. त्याचा दम खाणाऱ्याच्या अंगात जात नाही.”

“थोडासुदिक न्हाई?”

“थोडासुद्धा नाही.”

जांभळीवर कावळा ओरडत होता. साळेतून तात्यांचा खोकला आला, मोठा, सगळं घर हलवणारा, आणि पाठोपाठ हाक. “आगं ये! जाळ इझला की!”

“आले,” आई म्हणाली. उठताना तिनं भिंतीला हात लावला. “सांजच्याला शिरपा कापायला येईल. तवर झाकून ठेव त्येला.”

“एवढं सांगितलं ते?”

“तू सांगितलंस ते बराबर आसंल. पर त्येवर मी काय करू सांग? आँ? दुसरं काय करू?”

“तात्यांना तालुक्याला नेऊ. कोल्हापूरला नेऊ. मी नेते.”

“फाळ कोण पाजवंल? लोक पेरणीला खोळंबत्याल.”

“मी तात्यांना सांगणार आहे, आये. त्यांना न सांगता त्यांची माळ तू बाटवू शकत नाहीस.”

वाटलं होतं भांडेल. तिनं फक्त पदर खोचला. “सांग,” ती म्हणाली आणि भात्याकडं गेली.

दुपारी जेवल्यावर तात्या ओसरीवर पालथे पडले. मी त्यांच्या पाठीला कान लावला. छातीत घरघर होती, पण विडी ओढलेल्या म्हाताऱ्यांची असते तशी. खोकून मोकळी होणारी. आई खांबाला टेकून, पाय लांब करून, बसल्या बसल्या डोळे मिटून होती.

“आडवी हो की घटकाभर,” मी म्हटलं.

“आडवं झालं की त्येंचा खोकला ऐकू येत न्हाई मला. रात्री बी आशीच बसती मी.”

मला भरून आलं. एवढा जीव लावावा आणि त्याच माणसाला फसवून खाऊ घालावं, हे मला जुळवता येईना.

दोघांना तसंच सोडून मी परड्यात गेले. वाघूळ आता सावरलं होतं. टॉवेलासकट उचलून मी जांभळीच्या हाताला येईल त्या फांदीशी त्याचे पाय नेले. नखांना लाकूड लागलं मात्र, ती आपोआप आवळली. मी टॉवेल सोडला. ते उलटं लोंबलं, अंग झाडलं आणि पंखांची शाल गुंडाळण्याऐवजी एक पंख पसरून स्वतःला वारा घालू लागलं. मग फांदीला धरत, लटकत लटकत, वरच्या दाट पानांत गेलं. मी डालगं पुन्हा उपडं घातलं आणि वर दगड ठेवला.

ऊन कलल्यावर भट्टी परत पेटली. फाळांचा ढीग अर्ध्यावर आलेला. मी तात्यांना सांडशी द्यायला, पाणी द्यायला उभी होते आणि तोंड उघडत नव्हते. आईही माझ्याकडं बघत नव्हती. ती गात नव्हती. दोरी खाली, दोरी वर. तात्या फाळ भट्टीत घालायचे, पांढरट तांबडा झाला की ऐरणीवर घ्यायचे, ठोकायचे, परत घालायचे. दोनदा वारं पडलं. दोनदा तात्या म्हणाले, “हात चालव की बाई.” दोनदा आई म्हणाली, “कोळसा वला.”

तेवढ्यात शिरपामामा परड्याकडून साळेत आला. हातात मातीचं नवं गाडगं, काखेत सुरी.

“आक्का, वाघूळ कुठाय? डालगं उचलून बघतुय तर खाली निस्ती जमीन!”

आईची दोरी तशीच चालू राहिली. तात्यांचा घण मात्र अर्ध्यात थांबला.

“कसलं वाघूळ?”

मामानं जीभ चावली. आमच्याकडं आळीपाळीनं बघितलं. “तसं काय न्हाई, दाजी. हे आपलं... पोरीला शिकायला.”

“पोरीला शिकायला सुरी घिऊन आलास?”

“मी सोडलं ते,” मी म्हणाले. “तात्या, औषधाला आणलं होतं. तुमच्या दम्याला. मी आयेला नको म्हणून सांगितलं.”

तात्यांनी घण खाली टेकला. ते आईकडं वळले. रागावलेले नव्हते. लांबून चालत आलेल्या माणसाला अजून पुढचं गाव दाखवावं, तसा त्यांचा चेहरा झाला.

“माझ्या ताटात घालणार हुतीस?”

आई दोरी ओढत राहिली.

“मी इचारतुय.”

“दाजी, तिच्यावर कशाला...” मामा पुढं आला. त्याला बहिणीला वाचवायचं होतं. “आवं, तुमच्याच भल्यासाठी केलं की तिनं! बाईची जात, नवऱ्याचा खोकला ऐकवंना. आन् आधीच्या दोन वाघळांनी तुमाला गुण आलाच की थोडा. आपल्याला जाणवत नसंल, पर मी बघतुय.”



“आधीची दोन?” तात्या म्हणाले.

मामाला कळलं आपण काय केलं ते. त्यानं गाडगं हळूच खाली ठेवलं.

“दिवाळीनंतर एक,” तो पुटपुटला. “एक शिमग्याला. आक्कानंच सांगितलं हुतं आण म्हणून.”

“आये?” मी म्हटलं.

आई खाली बघत होती. दोरी खाली, दोरी वर. भट्टीत विसरलेला दुसरा फाळ आता पांढरा पडून ठिणग्या उडवायला लागला होता. जळत होतं लोखंड. तात्यांनी तो काढला नाही. इतक्या वर्षांत त्यांच्या हातून एकही फाळ जळाला नव्हता.

“येवढी वरसं,” तात्या म्हणाले, “मी तुझ्या हातचं डोळं मिटून खाल्लं. लोकाच्या घरात पाणी पिताना भांडं मटणाचं हाय का इचारलं, पर तुला कधी न्हाई इचारलं.” त्यांचा हात गळ्याशी गेला. “मग ही कशाला गळ्यात ठिवू? लोकास्नी दावायला?”

“तात्या, तुम्हाला माहीत नव्हतं. नकळत झालेलं धरत नाहीत,” मी म्हटलं.

“पोटाला ठाव हुतं की.”

त्यांनी काजळीनं भरलेल्या दोन्ही हातांनी माळ धरली आणि डोक्यावरून काढायला लागले. ती त्यांच्या कानात अडकली. ते कान सोडवू लागले, लहान पोराला अंगरखा काढता येऊ नये तसे.

दोरी थांबली.

आई एकदम उठली आणि उठल्या उठल्या तिनं खांब धरला. तिला बोलायचं होतं. तोंड उघडलं होतं, गळ्याच्या शिरा तटतटल्या होत्या, खांदे वर चढले होते, आणि आवाज येत नव्हता. छातीतून बारीक शिट्टीसारखं काहीतरी वाजत होतं. इतके दिवस ते भात्याच्या फुसफुशीत बुडून गेलेलं असावं. आता भाता बंद होता. आम्ही तिघं ते ऐकत उभे राहिलो.

“काढू... नका,” ती म्हणाली.

“का नको?”

“तुमच्या ताटात... कायबी... पडलं न्हाई.” ती खांबाला धरून खाली बसली. एकेक शब्द ती विहिरीतून पोहऱ्यानं काढावा तसा काढत होती. “देवाची आण. तुमची... माळ... सवळी हाय. दोनी बी... मी खाल्ली. परड्यात... तीन दगडांवर... शिजवून.”

तात्यांचे हात माळेवर तसेच राहिले. “तू? तुला काय झालतं वाघूळ खायाला?”

आईनं त्यांच्याकडं बघितलं नाही. माझ्याकडं बघितलं.

“सांगितलं आसतं... तर ही... शिकायचं सोडून... भात्यावर यिऊन बसली आसती.”

“काय सांगितलं आसतं?” तात्या तिच्यासमोर गुडघ्यावर बसले. “आगं, काय सांगितलं आसतं?”

तिनं डोळे मिटले. एक श्वास आत ओढला, तो पुरा झाला नाही. दुसरा ओढला. मग तिनं पदरानं तोंड पुसलं.

“दम मला लागतुया,” आई म्हणाली.